विश्लेषण : विमान अपघातामागे वैमानिकाचा ‘देश’ शोधणे कितपत योग्य?

विमान कोसळल्यानंतर पहिल्या काही तासांत मृतांची संख्या, विमानाचा प्रकार आणि हवामान यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे वैमानिक कोणत्या देशाचे होते? कोरियन असतील तर ‘वरिष्ठांपुढे तोंड उघडत नाहीत’, पाकिस्तानी असतील तर ‘परवाने बनावट’, भारतीय असतील तर ‘सर-सर करण्याची सवय’ अशी कारणे तयारच असतात. अमेरिकी किंवा युरोपीय असतील तर मात्र त्याच चुकीला नुसते ‘मानवी चूक’ म्हटले जाते. हे शिक्के आले कुठून, त्यांत तथ्य किती आणि त्यांच्यामुळे काय नजरेआड होते, याचा हा आढावा.

या चर्चेची सुरुवात कुठून झाली?

दक्षिण कोरियाची राष्ट्रीय ओळख असलेल्या ‘कोरियन एअर’पासून. ६ ऑगस्ट १९९७ रोजी सेऊलहून निघालेले या कंपनीचे बोइंग ७४७ विमान गुआम बेटावर उतरताना, धावपट्टीच्या सुमारे तीन सागरी मैल अलीकडे निमिट्झ हिल या टेकडीवर आदळले. विमानातील २५४ जणांपैकी २२८ जणांचा मृत्यू झाला. रात्रीची वेळ होती, पाऊस होता आणि विमानाला उतरण्याचा कोन दाखवणारी विमानतळावरील ‘ग्लाइडस्लोप’ यंत्रणा बंद होती.

अपघाताचा तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे ‘एनटीएसबी’ने केला. अशा परिस्थितीत विमान कसे उतरवायचे, याची पुरेशी आखणी मुख्य वैमानिकाने केली नाही आणि ते उतरवणेही नीट पार पाडले नाही. तसेच सहवैमानिक व फ्लाइट इंजिनीअर यांनी त्याच्या कृतींवर परिणामकारक लक्ष ठेवले नाही, असा निष्कर्ष मंडळाने काढला. सहवैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून देण्याचे सुचवले खरे, पण तेव्हा टक्कर होण्यास जेमतेम सहा सेकंद उरले होते.

याच अहवालातील आणखी काही गोष्टी मात्र पुढे फारशा कुणी सांगितल्या नाहीत. मुख्य वैमानिक थकलेला होता. कंपनीचे प्रशिक्षण अपुरे होते. विमान धोकादायकरीत्या खाली आल्यास हवाई वाहतूक नियंत्रकाला सावध करणारी गुआममधील यंत्रणा अमेरिकेच्याच हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे ‘एफएए’ने, मुद्दाम मर्यादित करून ठेवली होती. थोडक्यात, या अपघाताच्या कारणांत सेऊलबरोबर वॉशिंग्टनचाही वाटा होता.

‘वांशिक सिद्धांत’ म्हणजे काय?

लेखक माल्कम ग्लॅडवेल यांचे ‘आउटलायर्स’ हे पुस्तक २००८ मध्ये आले. त्यातील एका प्रकरणाचे शीर्षकच ‘विमान अपघातांचा वांशिक सिद्धांत’ अशा अर्थाचे आहे. कोरियन समाजात वय आणि हुद्दा यांना फार महत्त्व असते, भाषेतच आदराच्या अनेक पायऱ्या आहेत, त्यामुळे कॉकपिटमधील कनिष्ठ माणूस धोका थेट न सांगता आडवळणाने सुचवतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुआमच्या उड्डाणात फ्लाइट इंजिनीअरने हवामानदर्शक रडारबद्दल केलेला साधा उल्लेख हा मुख्य वैमानिकाला दिलेला सूचक इशारा होता, असा अर्थही त्यांनी लावला.

पुस्तक प्रचंड खपले आणि ‘कोरियन वैमानिक बोलत नाहीत’ हे वाक्य जगभर सर्वसामान्य ज्ञान बनले. कोरियन भाषा जाणणाऱ्या टीकाकारांनी त्यावर आक्षेप घेतले. कॉकपिटमधील संभाषणाचा मोजका भाग घेऊन त्यावर मोठी इमारत उभारली, असे त्यांचे म्हणणे होते. आदरार्थी भाषेचाच मुद्दा घेतला तर मराठीतही ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहे, जर्मनमध्ये आणि फ्रेंचमध्येही दोन तऱ्हेची संबोधने आहेत. पण जर्मन विमान कंपन्यांबाबत असा सिद्धांत कुणी मांडत नाही.

या सिद्धांताचा आधार काय होता?

डच समाजशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी मांडलेली ‘पॉवर डिस्टन्स’, म्हणजे सत्ता-अंतराची संकल्पना. समाजातील कनिष्ठ माणूस विषमता किती सहज स्वीकारतो, याचे हे माप. ‘आयबीएम’ कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ या काळातील पाहणीवरून हॉफस्टेड यांनी ते तयार केले. आकडा जितका मोठा, तितका वरिष्ठांचा धाक जास्त.

या यादीत भारताचे गुण ७७, दक्षिण कोरियाचे ६०, जपानचे ५४, अमेरिकेचे ४० आणि नेदरलँड्सचे ३८ आहेत. इथवर सिद्धांत जुळतो असे वाटते. पण याच यादीत फ्रान्सचे गुण ६८ आहेत, म्हणजे कोरियापेक्षा जास्त. तरीही ‘फ्रेंच वैमानिक वरिष्ठांना घाबरतात’ असा शिक्का प्रचलित नाही. शिवाय हे आकडे कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या सरासरीचे आहेत. सरासरीवरून कॉकपिटमधील दोन विशिष्ट माणसांच्या वागण्याचा निष्कर्ष काढता येत नाही, हा संख्याशास्त्राचा प्राथमिक नियम आहे.

पाश्चात्त्य कॉकपिटमध्ये असे घडत नाही का?

घडते, आणि जगातील सर्वांत भीषण विमान अपघात त्यातूनच घडला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जणांचा मृत्यू झाला. उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच विमान पळवणारा मुख्य वैमानिक नेदरलँड्सच्या ‘केएलएम’चा होता. कंपनीच्या ७४७ वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा तो प्रमुख होता आणि जाहिरातींतही त्याचे छायाचित्र झळकत असे. समोरचे ‘पॅन अॅम’चे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले की नाही, अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली. मुख्य वैमानिकाने ती ठामपणे फेटाळली आणि त्यानंतर कुणीही वाद घातला नाही. हे सगळे हॉफस्टेड यांच्या स्वतःच्या देशाच्या, सत्ता-अंतर कमी असलेल्या नेदरलँड्सच्या कॉकपिटमध्ये घडले.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘युनायटेड’चे डीसी-८ विमान इंधन संपून कोसळले आणि १० जण दगावले. चाकांच्या यंत्रणेतील बिघाडात मुख्य वैमानिक गुंतून पडला होता. इंधन कमी होत असल्याचे फ्लाइट इंजिनीअरला दिसत होते, त्याने ते सांगितलेही, पण निर्वाणीच्या भाषेत नाही. जानेवारी १९८२ मध्ये वॉशिंग्टनला बर्फवृष्टीत ‘एअर फ्लोरिडा’चे विमान पोटोमॅक नदीत कोसळले. त्यातही उड्डाणासाठी वेग घेताना उपकरणांवरील आकडे बरोबर नाहीत, असे सहवैमानिक पुन्हा पुन्हा म्हणत होता. उड्डाण थांबवण्यात आले नाही.

ही सुटी उदाहरणे नाहीत. १९७८ ते १९९० या काळात अमेरिकी विमान कंपन्यांच्या ज्या ३७ मोठ्या अपघातांत वैमानिकांच्या चुकांचा वाटा होता, त्यांचा ‘एनटीएसबी’ने १९९४ मध्ये अभ्यास केला. त्यांपैकी ३१ अपघातांत, दुसऱ्याची चूक हेरून त्याला वेळीच रोखण्यात कमतरता आढळली. आणि ८० टक्क्यांहून अधिक अपघातांत विमान प्रत्यक्ष चालवत होता तो मुख्य वैमानिक. म्हणजे चूक वरिष्ठाची आणि गप्प राहणे कनिष्ठाचे, हा साचा अस्सल अमेरिकी कॉकपिटमध्येही होता.

हा दोष नेमका कशाचा?

विमानात दोन वैमानिक असतात ते काम वाटून घेण्यासाठीच नव्हे. अभियांत्रिकीच्या भाषेत ती ‘रिडंडन्सी’ असते. एका माणसाची चूक दुसऱ्याने पकडावी, यासाठी केलेली ही जादा व्यवस्था. विमानात महत्त्वाचे सेन्सर एकापेक्षा जास्त बसवतात ते याच कारणाने. पण दुसऱ्या सेन्सरची तार कापलेली असेल तर तो असून नसल्यासारखाच. कॉकपिटमध्ये ही तार म्हणजे कनिष्ठाचा आवाज.

दोघांच्या अधिकारांतील तफावतीला हवाई वाहतूक क्षेत्रात ‘अथॉरिटी ग्रेडियंट’, म्हणजे अधिकाराचा उतार म्हणतात. उतार फार तीव्र असला की खालून वर माहिती चढत नाही. तो अगदीच सपाट असला की निर्णय कुणी घ्यायचा, याचा घोळ होतो. देश हा या उताराचा एक घटक असू शकतो. पण अनुभवातील फरक, वय, लष्करी पार्श्वभूमी, कंपनीतील बढतीची पद्धत, थकवा, ‘वेळेत उतरलो नाही तर विचारणा होईल’ ही भीती हेही घटक असतात. यांतील बहुतेक गोष्टी कंपनीच्या हातात असतात.

यावर उपाय काय निघाला?

पोर्टलंडच्या अपघातानंतर १९७९ मध्ये ‘नासा’ने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये ‘युनायटेड’ने वैमानिकांसाठी नवे प्रशिक्षण सुरू केले. ते आज ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’, म्हणजे ‘सीआरएम’ म्हणून ओळखले जाते. मुख्य वैमानिकाने इतरांचे मत विचारायचे, कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची, ती ऐकली गेली नाही तर आवाज चढवत न्यायचा, असा सराव त्यात सिम्युलेटरमध्ये करून घेतला जातो. अनेक कंपन्यांत ठरावीक इशाऱ्यांना दोनदा प्रतिसाद मिळाला नाही, तर सहवैमानिकाने नियंत्रण हाती घ्यावे असा नियम असतो. विमान न चालवणाऱ्या वैमानिकाला पूर्वी ‘पायलट नॉट फ्लाइंग’ म्हणत. आता ‘पायलट मॉनिटरिंग’ म्हणतात. शब्दातला हा बदल छोटा वाटतो, पण त्यातून त्याचे काम ठरते. त्याने नुसते शेजारी बसायचे नसून लक्ष ठेवायचे असते.

यातली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, बोलण्याचे हे प्रशिक्षण प्रथम अमेरिकी वैमानिकांना द्यावे लागले. स्पष्टवक्तेपणा त्यांच्या रक्तातच असता, तर त्याची गरज पडली नसती.

मग संस्कृतीचा काहीच संबंध नाही का?

तसेही नाही. १९ देशांतील नऊ हजारांहून अधिक वैमानिकांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, व्यवसाय एकच असला तरी देशागणिक वैमानिकांच्या दृष्टिकोनात फरक राहतो. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून उडालेले ‘कोरियन एअर’चे मालवाहू ७४७ विमान कोसळून चौघांचा मृत्यू झाला. मुख्य वैमानिकासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडलेले होते. विमान धोकादायकरीत्या कलत असल्याचा इशारा फ्लाइट इंजिनीअरने दिला, पण सहवैमानिकाने हस्तक्षेप केला नाही. ब्रिटिश तपास यंत्रणेने कोरियन संस्कृतीशी निगडित मुद्दे लक्षात घेऊन ‘सीआरएम’ प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस केली.

म्हणजे संस्कृतीचा उल्लेख तपासातही आला, पण प्रशिक्षणाची आखणी कशी करावी, हे सांगण्यासाठी. तपास यंत्रणेने तिचा वापर निदान थांबवण्यासाठी केला नाही. ‘ते लोक असेच’ म्हटले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही.

‘कोरियन एअर’ सुधारली कशी?

१९९९ मध्ये ‘डेल्टा’ आणि ‘एअर फ्रान्स’ यांनी तिच्याबरोबरची भागीदारी स्थगित केली होती. २००० मध्ये कंपनीने ‘डेल्टा’तील डेव्हिड ग्रीनबर्ग यांना उड्डाण विभागाची सूत्रे दिली. प्रशिक्षण आणि मूल्यमापनाची फेररचना झाली, इंग्रजीवरील प्रभुत्वाचा आग्रह धरला गेला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या कंपनीच्या विमान अपघातात एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुआन विमानतळावर १७९ जणांचा बळी घेणारा अपघात ‘जेजू एअर’ या वेगळ्या कंपनीच्या विमानाचा होता आणि धावपट्टीपलीकडील काँक्रीटचा बांध हा त्यातील वादाचा मोठा मुद्दा ठरला.

कोरियन भाषा या काळात बदलली नाही, थोरामोठ्यांना मान देण्याची रीतही बदलली नाही. बदलली ती कंपनी. राष्ट्रीय स्वभाव हेच मूळ कारण असते तर काही वर्षांत हा फरक पडला नसता.

भारताचा अनुभव काय सांगतो?

भारतासाठी यातला सर्वांत मोठा धडा ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’च्या दोन अपघातांत आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरुच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. मुख्य वैमानिक मूळचा सर्बियाचा, सहवैमानिक भारतीय. मुख्य वैमानिक प्रवासात बराच काळ झोपलेला होता आणि विमान प्रमाणापेक्षा उंचावरून उतरत होते. सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीनदा ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सांगितले. ‘दबून राहणाऱ्या’ भारतीयाच्या शिक्क्यात हे बसत नाही. मात्र त्याने नियंत्रण हाती घेतले नाही. असे का, याचे उत्तर चौकशी अहवालात आहे. सहवैमानिकाला ‘गो-अराउंड’ करण्याचा अधिकार देणाऱ्या सूचनांमध्येच संदिग्धता होती. अपघातानंतर मात्र चर्चा झाली ती परदेशी वैमानिकांची.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात याच कंपनीचे विमान धावपट्टीवर खूप पुढे टेकले आणि पुढे जाऊन खाली कोसळले. १९० जणांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन्ही वैमानिक होते. या वेळी दोघेही भारतीय. ‘गो-अराउंड’ची सूचना याही वेळी सहवैमानिकाने दिली होती आणि नियंत्रण याही वेळी हाती घेतले गेले नाही. ठामपणाचा अभाव आणि अधिकाराचा तीव्र उतार, असे कारण विमान अपघात तपास विभागाने नोंदवले. पण अहवाल तिथे थांबला नाही. कंपनीचे ‘सीआरएम’ प्रशिक्षण परिणामकारक नव्हते आणि कोळिकोड तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच मुख्य वैमानिक नेमलेला होता, याकडेही त्याने बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान मुख्य वैमानिकाअभावी अडू नये, हा दबाव त्या निर्णयामागे असावा, असा अहवालाचा रोख होता.

दहा वर्षांच्या अंतराने एकाच कंपनीत तोच प्रसंग घडला. पहिल्या वेळी दोष परदेशीपणाला दिला गेला, दुसऱ्या वेळी भारतीय हुजरेगिरीला. दोन्ही वेळचा समान धागा एकच होता. सहवैमानिकाने तोंडाने सांगितले, पण हाताने कृती करण्याइतके बळ त्याला नियमांनी आणि सरावाने दिलेले नव्हते.

अशा शिक्क्यांमुळे नुकसान कुणाचे होते?

जुलै २०१३ मध्ये ‘एशियाना’चे बोइंग ७७७ विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना आपटले. ३०७ पैकी तिघांचा मृत्यू झाला. ‘कोरियन संस्कृती’ची चर्चा लगेच सुरू झाली. काही दिवसांतच एका अमेरिकी वाहिनीने वैमानिकांची नावे म्हणून कोरियन उच्चारांची टर उडवणारी चार बनावट नावे प्रसारित केली आणि नंतर माफी मागितली. प्रत्यक्ष तपासात वैमानिकांच्या चुकांबरोबरच वेग आपोआप राखणाऱ्या ऑटोथ्रॉटलची गुंतागुंत बोइंगच्या पुस्तिकांत आणि कंपनीच्या प्रशिक्षणात नीट समजावलेली नव्हती, हेही पुढे आले. जगभर ७७७ उडवणाऱ्या प्रत्येक वैमानिकासाठी हा धडा महत्त्वाचा होता. सगळे लक्ष ‘कोरियन’ शब्दावर असेल तर तो पोहोचणार कसा?

पाकिस्तानचे उदाहरण आणखी बोलके आहे. मे २०२० मध्ये कराचीत ‘पीआयए’चे विमान कोसळल्यानंतर तेथील हवाई वाहतूक मंत्र्यांनी ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे संसदेत सांगितले. युरोपने ‘पीआयए’वर बंदी घातली, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये उठली. परवाना देणाऱ्या यंत्रणेवरील ही कारवाई समजण्यासारखी होती. पण व्हिएतनाम, मलेशिया अशा देशांत काम करणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकांनाही केवळ त्या पारपत्रामुळे घरी बसवण्यात आले.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर भारतालाही याची झळ लागली. प्राथमिक अहवालातील कॉकपिटमधल्या जेमतेम दोन वाक्यांच्या आधारे परदेशी माध्यमांतून वैमानिकावर ठपका ठेवण्याची घाई झाली आणि भारतीय वैमानिक संघटनांना त्याला आक्षेप घ्यावा लागला. अंतिम निष्कर्षाआधी माणसाला दोषी ठरवले की यंत्राची आणि व्यवस्थेची तपासणी मागे पडते, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

मग देशाकडे पाहायचेच नाही का?

पाहायचे, पण योग्य ठिकाणी. ‘एफएए’ने सुरक्षा देखरेखीतील त्रुटींमुळे ऑगस्ट २००१ मध्ये दक्षिण कोरियाचा आणि जानेवारी २०१४ मध्ये भारताचा दर्जा घटवला होता. कोरियाने तो काही महिन्यांत परत मिळवला, भारताने एप्रिल २०१५ मध्ये. हा निवाडा लोकांच्या स्वभावावर नव्हता. नियामकाकडे पुरेसे प्रशिक्षित अधिकारी आहेत का, तपासण्या होतात का, यावर तो होता. त्रुटी मोजता येत होत्या, म्हणून त्या दूरही करता आल्या.

भारतासाठी हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे. २०२३ या एकाच वर्षात ‘एअर इंडिया’ने ४७० आणि ‘इंडिगो’ने ५०० विमानांची मागणी नोंदवली. या विमानांसाठी हजारो तरुण सहवैमानिक लागतील आणि त्यांच्या शेजारी कधी हवाई दलातून आलेला ज्येष्ठ, कधी परदेशी मुख्य वैमानिक बसलेला असेल. तेव्हा कुणाचा देश कोणता, यापेक्षा काही साधे प्रश्न विचारावे लागतील. सहवैमानिकाने नियंत्रण कधी घ्यायचे, हे नियमपुस्तिकेत नि:संदिग्ध लिहिले आहे का? सिम्युलेटरमध्ये त्याने ते प्रत्यक्ष करून पाहिले आहे का? ‘गो-अराउंड’ केल्याबद्दल किंवा वरिष्ठाला अडवल्याबद्दल त्याच्याकडे खुलासा मागितला जातो का? एका तळावर किती मुख्य वैमानिक नेमले आहेत? मंगळूरु आणि कोळिकोडच्या अहवालांनी हेच विचारले होते. पुढच्या अपघाताची वाट न पाहता त्यांची उत्तरे प्रत्येक कंपनीकडून मागणे आणि ती तपासून घेणे हे नियामक ‘डीजीसीए’चे काम आहे.